अण्णांच्या चारशे बारा गाड्या

मंगळवारी सकाळी सव्वानऊला अण्णांच्या फोनवर अकरावा मेसेज आला. त्यांनी चष्मा पुसला आणि तो मोठ्यानं वाचला. "प्रिय अग्निशमन केंद्र, आपल्या गाडीचे सर्व्हिसिंग करण्याची वेळ झाली आहे. वेळ नक्की करण्यासाठी एक दाबा."

घरात ऐकायला कोणी नव्हतं. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असे आणि सूनबाई साडेआठलाच कामावर गेली होती. अण्णांकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती, आणि आगीशी त्यांचा संबंध चहाचं आधण ठेवण्यापुरता. तरीही त्यांनी एक दाबला. कोणी अदबीनं काही विचारलं की उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त होती. चौतीस वर्षं त्यांनी सुताच्या कारखान्यात माल तपासनीस म्हणून काढली होती आणि त्यांच्या टेबलावरची एकही पेटी शेरा मारल्याशिवाय पुढे सरकलेली नव्हती. आधीच्या दहा मेसेजांनाही त्यांनी एकच दाबला होता.

त्याच वेळी सूनबाई गाड्यांच्या शोरूममध्ये, सर्व्हिसच्या काउंटरवर बसून खुशीत होती. गेली नऊ वर्षं ती या काउंटरवर होती. सर्व्हिस विभागाचे प्रमुख निवृत्त झाल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती आणि मालकांनी तिला सांगितलं होतं, "हे नवं सॉफ्टवेअर एकदा नीट जोडलं गेलं ना, की तुमची ऑर्डर काढतो." सोमवारी संध्याकाळी ते जोडलं गेलं होतं.

शोरूमची जुनी सिस्टीम म्हणजे घुमं प्रकरण होतं. कोणती गाडी कधी आली, तिचं काय बदललं, कोण घेऊन गेलं, सगळं तिच्या पोटात असे. पण पोटातलं ओठावर म्हणून येत नसे. नऊ वर्षांत तिनं एकाही गिऱ्हाइकाला साधी आठवण केलेली नव्हती. नवं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कंपनीचं होतं आणि ते भलतंच बोलकं होतं. जुन्या सिस्टीमला जोडलं की ते तिच्यातली माहिती वाचायचं, गिऱ्हाइकांना मेसेज धाडायचं, फोन करायचं, गाडीसाठी वर्कशॉपची वेळ राखून ठेवायचं आणि मागच्या कामाला दहापैकी किती गुण देता तेही विचारायचं. ते गुण थेट गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे जायचे.

जोडायला आलेला माणूस चाळिशीचा, शांत आणि दोन लॅपटॉपांचा मालक होता. सगळे त्याला जोडणीवाला म्हणत. काहीही विचारा, त्याचं उत्तर "तसं सोपं आहे" या शब्दांनी सुरू होई आणि नंतर बराच वेळ चाले.

"मॅडम, एकदम मक्खन चाललंय," तो त्या सकाळी म्हणाला. "अकरा मेसेज गेले, अकराच्या अकरा जणांनी वेळ घेतली. असा प्रतिसाद मी आजवर पाहिला नाही."

मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

---

संध्याकाळी सूनबाई घरी पोचली तेव्हा अण्णा जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते.

"सूनबाई, हे अग्निशमन केंद्र कुठं आहे गं?"

"का हो अण्णा? कुठं काही पेटलं का?"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण ते लोक सर्व्हिसिंगचं विचारतायत. आज एकोणचाळीस मेसेज आले. सगळे लिहून ठेवलेत मी." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. एकोणचाळीस गाड्यांचे नंबर, आलेल्या मेसेजची वेळ, आणि पुढे अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात, 'एक दाबला'.

सूनबाईनं पहिल्या पाच गाड्यांचे नंबर वाचले आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीत बसली.

तिला सगळं आठवलं. जुन्या सिस्टीममध्ये गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. आणि काही गिऱ्हाइकं नंबर द्यायला मुळीच तयार नसत. काही गाड्या ड्रायव्हर घेऊन येत, त्यांना साहेबांचा नंबर पाठ नसे, किंवा द्यायची हिंमत नसे. काही गाड्या कचेऱ्यांच्या असत, त्यांना साहेबच नसे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एकदा काउंटरवर ही लांब रांग लागली होती आणि पुढचा गृहस्थ छातीशी हात बांधून म्हणत होता, "नंबर कशाला हवा तुम्हाला? गाडी माझी आहे, मी इथं उभा आहे." सूनबाईनं दहा शून्यं घालून पाहिली. सिस्टीमनं ती नाकारली. मग दहाही आकडे नऊ घातले, तेही नाकारले. स्वतःचा नंबर द्यायला जीव धजेना. तेव्हा तिला आणखी एकच नंबर तोंडपाठ होता, तो अण्णांचा. अण्णांचा फोन त्या काळी कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली बंद पडलेला असे. तिनं तो घातला, पान उघडलं, रांग पुढे सरकली. त्यानंतर अडलं की अण्णा. बोटांना सवयच लागली. नऊ वर्षांत सिस्टीमनं कोणालाच हाक मारली नाही, त्यामुळे कोणाला काही कळलंही नाही. दरम्यान अण्णांनी फोन कपाटातून बाहेर काढला होता, हे ती विसरून गेली होती.

"अण्णा," ती जपून म्हणाली, "उद्यापासून काही आलं ना, तर एक दाबू नका."

"मग काय दाबू?"

"काहीच नका दाबू."

"म्हणजे उत्तरच द्यायचं नाही?" अण्णांना ते पटलेलं दिसेना. "बरं. तू म्हणतेस तर नाही दाबत."

त्यांनी शब्द पाळला. बुधवारी त्यांनी एकही बटण दाबलं नाही.

---

पण सॉफ्टवेअरची रचना अशी होती की मेसेजला उत्तर आलं नाही तर ते फोन करायचं. बुधवारी सकाळपासून अण्णांना फोन येऊ लागले. फोनवर यंत्रातली मुलगी असे. ती गोड आवाजात गाडीचा नंबर सांगे, वर्कशॉपमधली मोकळी वेळ सांगे, आणि ही वेळ चालेल का, असं विचारून उत्तराची वाट पाही.

अण्णांची फोनवर बोलायची एक पद्धत होती. समोरच्याला आपण ऐकतोय हे कळावं म्हणून ते दर वाक्यामागे "हो" म्हणत. "हो... हो... हो, बोला." नातेवाइकांना ते आवडे. यंत्रातल्या मुलीला तर फारच आवडलं. तिच्या हिशेबी "हो" म्हणजे वेळ पक्की.

अण्णा तिला मध्येच सांगायचा प्रयत्न करत, "बाळ, माझ्याकडे गाडी नाही." तोवर ती धन्यवाद देऊन गेलेली असे. "मुलगी गोड बोलते," ते संध्याकाळी म्हणाले, "पण ऐकून घेत नाही कोणाचं."

कधी कधी ती गुण मागे. मागच्या सर्व्हिसिंगला दहापैकी किती गुण देता? इथं मात्र अण्णा मनापासून विचारात पडले. माल डोळ्यांनी पाहिला नसेल तर कारखान्यात ते 'तपासणी बाकी' असा शेरा मारत. पण तसा पर्याय इथं नव्हता. शून्य द्यावं तर कोणाच्या तरी पोटावर पाय यायचा. दहा द्यावेत, तर आयुष्यात कोणाला दिले नव्हते. शेवटी त्यांनी मधले पाच धरले, सभ्यपणाचा एक वर घातला, आणि प्रत्येक वेळी "सहा" असं स्वच्छ सांगितलं. शिवाय सूचना नोंदवायची सोय होती, म्हणून सूचनाही केली. "एका माणसाला दिवसाला एकोणचाळीस निरोप म्हणजे निरोप नव्हे, तगादा झाला. आवाज चांगला आहे. वाक्यं लांब आहेत."

इकडे शोरूममध्ये सूनबाईनं जोडणीवाल्याला पाण्याच्या मशीनशी गाठलं आणि हळूच विचारलं, "समजा, एखादा नंबर चुकीचा पडलाय. तो काढून टाकता येईल का?"

"तसं सोपं आहे," जोडणीवाला म्हणाला. "कोणता?"

तिनं सांगितला. त्यानं तो टाकून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे तर आपले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. आमचं सॉफ्टवेअर एका नंबरचा एक माणूस धरतं आणि सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करतं. या नंबरवर चारशे बारा गाड्या आहेत. नाव शेवटच्या नोंदीवरून घेतलंय... अग्निशमन केंद्र."

"तुम्ही आधी काढा हो तो."

त्यानं तो काढला. सूनबाईला हायसं वाटलं. जागेवर जाऊन तिनं दोन गाड्यांच्या नोंदी केल्या, तोवर जोडणीवाला परत आला.

"पुन्हा आला," तो म्हणाला. "त्याचं काय आहे, आम्हाला तुमच्या जुन्या सिस्टीममधलं फक्त वाचायची परवानगी आहे. खोडायची नाही. मी इथं खोडलं तरी दर पंधरा मिनिटांनी आमचं सॉफ्टवेअर तिथलं पुन्हा वाचतं आणि म्हणतं, अरेच्चा, एक नवीन गिऱ्हाईक. मग त्याला स्वागताचा मेसेजही जातो."

"मग तिथंच खोडा ना."

"ते जुन्या सिस्टीमवाल्यांनी खोडायचं. त्यांना लेखी अर्ज द्यायचा, मालकांच्या सहीनं. पंधरा दिवसांत करतात. फक्त अर्जात कारण लिहावं लागतं."

सूनबाईला कारणच तर लिहायचं नव्हतं. प्रमुखाच्या खुर्चीपासून ती चार पावलांवर होती आणि अर्जावर सही करणारे मालक त्या खुर्चीच्या शेजारच्याच केबिनमध्ये बसत. संध्याकाळपर्यंत ती तीनदा त्या केबिनच्या दारापर्यंत गेली. पहिल्यांदा मालक फोनवर होते. दुसऱ्यांदा ते प्रसन्न होते, म्हणून सांगवेना. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय, काही हवंय का?" आणि ती म्हणाली, "पंख्याचा आवाज येत होता, म्हणून बघायला आले."

---

गुरुवारी वर्कशॉपमध्ये एकही गाडी आली नाही.

वीस गाड्यांची जागा, गाडी वर उचलणाऱ्या आठ लिफ्ट, चौदा कामगार, आणि सगळीकडे सामसूम. कामगारांनी पाने पुसले, मग पान्यांचे खोके पुसले, मग लिफ्टचे खांब पुसले. दहा वाजता फोरमनकाका काउंटरवर आले. हे काका शोरूममध्ये सगळ्यांत जुने. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

"आज सुट्टी आहे का, ताई?"

"नाही काका. आज तर सगळ्या वीस वेळा भरलेल्या आहेत."

"कोणी भरल्या?"

सूनबाईनं कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे वळवला. तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या. गाडीचे ब्रेक कुरकुरतायत म्हणाल्या. सॉफ्टवेअरनं पुढची मोकळी वेळ दाखवली ती थेट पुढच्या शुक्रवारची. बाईंनी काउंटरच्या काचेतून पलीकडे पाहिलं. रिकाम्या लिफ्टखाली दोन कामगार बुद्धिबळ मांडून बसले होते.

"हे लोक शुक्रवारपर्यंत खेळणार का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्यामागून आलेल्या चौघांनाही तेच उत्तर मिळालं. फोरमनकाकांनी पाचव्याची गाडी सरळ आत घ्यायला सांगितली, तर सॉफ्टवेअर तिचं काम उघडेना. ती वेळ दुसऱ्या गाडीची होती, आणि ती गाडी अग्निशमन केंद्राची होती.

मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांनी आकडा मागवला. अण्णांनी दोन दिवसांत एकशे सदतीस वेळा पक्क्या केल्या होत्या. मालकांना अर्थातच दिसलं ते एवढंच, की एका गिऱ्हाइकाकडे चारशे बारा गाड्या आहेत, त्यातल्या एकशे सदतीस आठवडाभरात यायच्या आहेत आणि आज एकही आलेली नाही.

"एवढं मोठं केंद्र आपल्या गावात आहे?" त्यांनी विचारलं.

"असेल," जोडणीवाला म्हणाला. "सिस्टीममध्ये आहे म्हणजे असणारच."

"मग आज आले का नाहीत?"

"आग लागली असेल कुठं," फोरमनकाका म्हणाले.

दुपारी मोठ्या कंपनीतून विभागीय मॅडमांचा फोन आला. या बाईंच्या हाताखाली अकरा शोरूम होती. त्यांचा आवाज ऐकला की मालक आपोआप खुर्चीतून उठून उभे राहत. शोरूमचे गुण दहापैकी नऊ होते, ते दोन दिवसांत सव्वासहावर आले होते. सहा-सहाचे ते सगळे गुण एकाच गिऱ्हाइकानं दिलेले, आणि ते गिऱ्हाईक शोरूमचं सर्वांत मोठं. मॅडम म्हणाल्या, "चारशे बारा गाड्यांचा माणूस नाराज आहे आणि तुम्ही शांत बसलाय. मी उद्या येते. आपण त्यांच्या घरी जाऊन त्यांना भेटू."

त्यांनी स्वतःच अण्णांना फोन केला होता. तो संवाद नंतर अण्णांनी शब्दशः सांगितला.

"अग्निशमन केंद्र का?"

"नाही. पण बोला."

"आम्हाला आपल्याला भेटायचं होतं. आपल्या सूचना फार मोलाच्या आहेत."

"हो... हो... या की. उद्या चहालाच या." आणि अण्णांनी पत्ता दिला, वळणासकट.

---

त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या चार वाजता कोणी बाई येणार आहेत. बिस्किटं आहेत ना घरात?"

सूनबाईनं कोण, कशाला ते विचारलं नाही. नोकरी जाणार की नुसती खुर्ची, याच विचारात ती ताटातला भात इकडून तिकडे ढकलत होती. अण्णांनी थोडा वेळ ते पाहिलं.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं. "तीन दिवस बघतोय. आधी फोन बघतेस, मग माझ्याकडे बघतेस."

मग तिनं सांगून टाकलं. रांग, दहा शून्यं, स्वेटरांखालचा फोन, सगळं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी नऊ वर्षं चारशे बारा गाड्या बाळगून आहे, आणि बससाठी पाऊण तास उभा राहतो."

"चिडलात का?"

"चिडलो नाही. पण एक सांगू? कारखान्यात माझ्या हातून एकदा सुताच्या साठ पेट्या न बघता पास झाल्या होत्या. सांगायला मी चार दिवस लावले. चौथ्या दिवशी सांगितलं तेव्हा साहेब पेट्यांबद्दल अर्धा तास बोलले आणि चार दिवसांबद्दल दोन तास. उद्या सकाळी पहिलं काम तेवढं उरकून टाक."

शुक्रवारी सूनबाई सकाळीच मालकांच्या केबिनमध्ये जाणार होती. पण विभागीय मॅडम चारऐवजी दहालाच आल्या. त्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या, मालक त्यांच्यामागे उभे राहिले, आणि जोडणीवाला दोन्ही लॅपटॉप घेऊन तिसरा.

"आपल्याला या पत्त्यावर जायचंय," मॅडम म्हणाल्या आणि कागद पुढे केला. "कोणाला माहीत आहे का हा भाग?"

मालकांनी कागद वाचला. "हे तुमच्या घराजवळ दिसतंय, ताई."

सूनबाईनं कागदाकडे पाहिलंही नाही. "जवळ नाही, सर. माझंच घर आहे. ते माझे सासरे आहेत. त्यांच्याकडे एकही गाडी नाही. चारशे बाराच्या चारशे बारा मी घातल्यात."

आणि उभ्याउभ्याच तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. जोडणीवाल्यानं ऐकता ऐकता एक लॅपटॉप बंद केला. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यावर काहीच उरलं नाही.

"नऊ वर्षं?" मॅडमांनी विचारलं.

"नऊ."

"आणि तुम्हाला कधी वाटलं नाही, की हे चूक आहे?"

"वाटायचं. पण तेव्हा समोर माणूस उभा असायचा."

मॅडमांनी पत्त्याचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मग कडक आवाजात म्हणाल्या, "कारवाईचं नंतर बघू. आधी मला सांगा, आज शुक्रवार. उद्यापासूनच्या किती वेळा अशा खोट्या भरलेल्या आहेत?"

"सत्त्याण्णव."

"आणि त्या गाड्यांचे खरे मालक कोण, त्यांचे नंबर काय, हे कोणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे," फोरमनकाका दारातून म्हणाले.

सगळे वळले. काका आत गेले आणि तेलाचे डाग पडलेल्या जाडजूड वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. नऊ वर्षांच्या नऊ वह्या. "ब्रेक बदलायचे की नाही, हे मालकाला विचारल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही. काउंटरवर कोणी नंबर देत नाही, मला सगळे देतात. त्यांना भीती असते, मी काहीतरी भलतंच बदलीन म्हणून." त्यांनी वह्या काउंटरवर ठेवल्या. "एवढी वर्षं कोणी मागितल्या नाहीत."

---

दुपारी अण्णा स्वतः शोरूममध्ये हजर झाले. चहाची पाहुणी येत नाही म्हटल्यावर ते बिस्किटांचा पुडा घेऊनच आले होते. "गाड्या माझ्या नावावर आहेत," ते मालकांना म्हणाले, "निस्तरायला मी नको का?"

काका वहीतून नंबर वाचत, सूनबाई फोन लावून देई आणि अण्णा बोलत. दुसऱ्या कोणालाही ते काम जमलं नसतं.

"नमस्कार. मी आपल्या गाडीचा गेली पाच वर्षं मालक होतो... नाही नाही, चोरीची भानगड नाही. कागदावरचा मालक. माझ्या नावानं आपल्या गाडीसाठी सोमवारी अकराची वेळ राखून ठेवलीय. मला तिचा काही उपयोग नाही, तेव्हा म्हटलं आपल्याला द्यावी... हो... हो... शेवटचं तेल कधी बदललंत?... दीड वर्ष? अहो, मग याच तुम्ही."

लोक आधी गोंधळत, मग हसत, आणि मग येत. कित्येकांना सर्व्हिसिंगची आठवणच नव्हती, कारण जुन्या सिस्टीमनं कधी करून दिली नव्हती आणि नव्या सॉफ्टवेअरनं केली ती अण्णांना. संध्याकाळी सातपर्यंत सत्त्याण्णवांपैकी एक्क्याऐंशी जणांनी येतो म्हणून सांगितलं. सोळा वेळा उरल्या. त्यातली पहिली सूनबाईनं ब्रेकवाल्या बाईंना स्वतः फोन करून दिली. प्रत्येकाचा खरा नंबर ती त्याच वेळी जुन्या सिस्टीममध्ये घालत गेली. गिऱ्हाइकानंच नवा नंबर दिला, तर तो बदलायला अर्ज लागत नाही, असं जोडणीवाल्याला अचानक आठवलं. "तसं सोपंच होतं," तो म्हणाला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढचा आठवडाभर वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कामगारांना जेवायला सवड मिळेना. बुद्धिबळाचा पट कोणीतरी लिफ्टच्या मागे उभा करून ठेवला. उरलेल्या गाड्यांचे नंबर रोज थोडे थोडे करून भरले गेले आणि गुरुवारी संध्याकाळी अण्णांच्या नावावरची शेवटची गाडी उतरली. ती अग्निशमन केंद्राची होती. त्यांनी नंबर कळवला तेव्हा वर आभारही मानले.

मालक मात्र सूनबाईशी कामापुरतंच बोलत होते. ऑर्डरचा विषय कोणी काढला नाही. विभागीय मॅडम शनिवारी येऊन निर्णय सांगणार होत्या.

शनिवारी त्या आल्या, आणि केबिनमध्ये न जाता थेट काउंटरच्या आत येऊन सूनबाईच्या शेजारी बसल्या. हातात छापील कागद होते.

"झालं ते चूकच," त्या म्हणाल्या. "तसं पत्र तुम्हाला मिळेल. आणि ते मिळायलाच हवं."

"हो मॅडम."

"पण तुमच्यामुळे माझ्या डोक्यात एक शंका आली. हेच सॉफ्टवेअर आपण अकराही शोरूमना जोडलंय. म्हणून मी प्रत्येक ठिकाणचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण, ते काढून आणलं. तुम्हाला यातली खोच माहीत आहे. बघून सांगा, यातली खरी किती."

सूनबाईनं यादी पाहिली. एका ठिकाणी दोनशे नव्वद गाड्यांचं एक केशकर्तनालय होतं. एका ठिकाणी एका बालवाडीकडे साडेतीनशे ट्रक होते. तिनं खूण करायला पेन उचललं. "मॅडम, मला तर एकही खरं दिसत नाही. आणि हे सगळ्यांत मोठं पाहा. एकाच नंबरवर सहाशे तीस गाड्या. पहिली नोंद अठरा वर्षांपूर्वीची आहे."

"कुठलं शोरूम?"

सूनबाईनं सांगितलं आणि नंबर मोठ्यानं वाचला.

मॅडमांनी तिच्या हातातला कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग बोट ठेवून एकेक आकडा पुन्हा वाचला.

"तुमच्या ओळखीचा आहे का नंबर?" सूनबाईनं विचारलं.

"माझ्या मोठ्या नणंदेचा," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम घरातला झाला होता. "मी तिथं काउंटरवर होते. लग्न नुकतंच झालं होतं. सहा वर्षं होते मी तिथं." त्यांनी पर्समधून फोन काढून पाहिला. "परवापासून त्यांचे चौदा फोन येऊन गेलेत. मी कामात आहे म्हणून उचलले नाहीत."

तेवढ्यात पंधरावा आला. मॅडमांनी इकडेतिकडे पाहिलं, मान खाली घातली आणि फोन कानाला लावला. लगेच तो वीतभर लांब धरला. पलीकडचा आवाज काउंटर ओलांडून, काचेतून, पार लिफ्टपर्यंत गेला. फोरमनकाकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"वन्सं," मॅडम मधल्या श्वासात कशाबशा म्हणाल्या, "वन्सं, मी सगळं सांगते. घरी येऊन सांगते. नाही, तुमच्या नावावर ट्रक नाहीत. म्हणजे, आहेत, पण..."

सूनबाई उठली, पाण्याचा पेला भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. फोन संपायला वीस मिनिटं लागली. मॅडमांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला, पर्समधून दोन लिफाफे काढले, त्यातला ताकिदीच्या पत्राचा पातळ लिफाफा पुन्हा पर्समध्ये टाकला आणि जाड सूनबाईच्या हातात दिला. वर शोरूमचा शिक्का आणि मालकांची सही होती, आणि खाली तिच्या नावापुढे 'सर्व्हिस विभाग प्रमुख' असं लिहिलेलं होतं.

सूनबाईनं लिफाफा दोन्ही हातांत धरला. "रांग होती का हो तेव्हा?" तिनं विचारलं.

"दारापर्यंत," मॅडम म्हणाल्या. "आणि सिस्टीमला दहा शून्यं चालत नव्हती."